जड हात आणि हळवी काच

खटाखटबाईंनी दार लावलं की शेजारघरची भांडी मांडणीवर दचकायची. बाई रागीट होत्या असं कुणी समजू नये. हात जड, एवढंच. त्यांनी कप ठेवला की बशीला वाटायचं, आपला निकाल लागला. कुणाचं तान्हं थोपटून निजवायला घेतलं तर निजलेलंही उठून बसायचं. आणि डब्याचं झाकण त्या असं लावायच्या, की पुढच्यानं आधी पोटभर खाऊन घ्यावं आणि मगच ते उघडायला बसावं.

हा जडपणा त्यांना जन्मानं मिळालेला नव्हता, मशीननं दिलेला होता. चौतीस वर्षं कचेरीच्या व्हरांड्यात एका लोखंडी टेबलावर टाइपरायटर ठेवून बाई लोकांचे अर्ज टाइप करत आल्या होत्या. अर्ज एक, पण प्रती चार. वर कोरा कागद, मग कार्बन, मग कागद, पुन्हा कार्बन. वरच्या कागदावर अक्षर कुणीही उमटवील. चौथ्या कागदावर उमटवायचं तर बोट घणासारखं पडावं लागतं. चौथी प्रत अर्जदाराची असते आणि साहेबानं "तुमचा अर्ज आमच्याकडे नाहीच" म्हटलं की तीच कामाला येते. त्यामुळे बाईंचा सगळा जीव त्या चौथ्या प्रतीत. बोटांची टोकं चपटी झाली होती, कुणी लाटणं फिरवावं तशी. पण चौथ्या प्रतीतला अनुस्वारसुद्धा लख्ख.

नवरा वारला तेव्हा दाखल्याचा अर्ज बाईंनी स्वतःच टाइप केला होता. दोनदा केला. पहिल्यात समास डावीकडे सरकला होता. "आयुष्यभर त्यांनी कधी रेष सोडली नाही, आता कशाला," म्हणाल्या, आणि दुसरा कागद घातला.

घरात आता दोघीच. मुलगा ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. उरल्या बाई आणि त्यांची सून. आणि सून होती हलक्या हाताची. इतक्या हलक्या, की तिनं दार लावलं तर लावलंय की नुसतं लोटलंय ते जाऊन बघावं लागायचं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती फुटलेल्या काचा बदलायची. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढ्या तारा चिमट्यानं उचलायच्या असं काम. तो हात घरी आला तरी तसाच. भांडं घासलं तरी भांड्याला पत्ता नसायचा.

"भांडी घासतेस का त्यांची विचारपूस करतेस?" बाई विचारायच्या.

"आणि तुम्ही घासता का त्यांच्याकडून गुन्हा कबूल करून घेता?" सून हातासारख्याच हळू आवाजात म्हणायची.

एवढ्यावर भागायचं. दोघींचं भांडण असं नव्हतं, पण बाईंनी चार वर्षांत सुनेकडून काही मागितलंही नव्हतं. मिठाचा डबासुद्धा स्वतः उठून घ्यायच्या. सून त्याला हात लावत नव्हती, कारण तो तिला उघडत नव्हता.

*

एका सोमवारी कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली. बाईंनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. पहिल्या वाचनात चुका मोजल्या (तीन निघाल्या) आणि दुसऱ्या वाचनात मजकूर.

मजकूर असा, की एक तारखेपासून कागदी अर्ज बंद. व्हरांड्यातली टेबलं उचलायची. अर्ज आता आत, तीन नंबरच्या खिडकीत, टॅबवर लिहून थेट पाठवला जाईल. त्या खिडकीत बसायला एक माणूस हवा. पुढच्या आठवड्यात बुधवारी चाचणी. साहेब मजकूर सांगतील, उमेदवारानं तो टॅबवर दहा मिनिटांत उतरवायचा. कमी चुका ज्याच्या, खिडकी त्याची. अक्षरांची मांडणी मशीनवरच्यासारखी टॅबमध्ये घातलेली आहे.

म्हणजे खिडकी मिळाली तर काम, नाही तर घरी बसून डब्यांची झाकणं. मधलं काही नाही.

व्हरांड्यात दुसरा उमेदवार तयारच होता, झेरॉक्सवाला. बाईंच्या टेबलाला लागूनच त्याचं यंत्र. माणूस वाईट नव्हता. पण अंगठे इतके चपळ, की चहा पिता पिता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता मोबाइलवर लिहायचा. फोन पुढचा शब्द सुचवायचा आणि हा घ्यायचा. आपण काय लिहिलं ते पाठवल्यावर वाचायचा.

"बाई, मशीनला तेलपाणी करून ठेवा," तो म्हणाला. "कुणी शोभेला घेईल. खालचं टेबल मला द्या."

"टेबल लोखंडी आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या अंगठ्यांना उचलायचं नाही."

बोलून तर गेल्या. पण त्या दिवशी दुपारी चार नंबरच्या कागदावर पहिल्यांदा एक अक्षर पुसट उमटलं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं.

*

घरी मुलाचा एक जुना मोबाइल पडला होता. बाईंनी तो चार्जिंगला लावला, अर्ध्या तासानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, समोर स्टूल घेतलं, पाठ ताठ केली, आणि मशीनसमोर बसतात तशा बसल्या. सून यायला दीड तास होता. तेवढ्यात एक छोटा अर्ज, मग चार-पाच, मग काय, बोटांना सवय होईल, असा हिशोब.

बाईंनी बोटं टेकवली आणि फोन एकदम लिहायलाच लागला. अजून त्यांनी काही सांगितलंही नव्हतं.

टाइप करणाऱ्याची बोटं मधल्या ओळीवर टेकलेलीच असतात, गाय दावणीला उभी असावी तशी. तिथून सुटायचं, अक्षर मारायचं, परत दावणीला यायचं. मशीनला टेकणं वेगळं, मारणं वेगळं, हे कळतं. काचेला कळत नाही. तिला टेकलं तरी मारलं आणि मारलं तरी मारलंच. बाईंनी 'माननीय' लिहायला घेतलं तर आधी आठ न मागितलेली अक्षरं येऊन बसली, फुकटच्या जेवणाला यावीत तशी. बाईंनी 'म' मारला. आवाज आला नाही. लागला की नाही कळेना, म्हणून परत मारला, जरा जोरात. दोन म आले. तिसऱ्यांदा बोट दाबून धरलं, तर त्या अक्षराच्या डोक्यावर एक चौकट उघडली आणि आत त्याची पिल्लं. कुठलं हवं?

"मला आईच हवी आहे, पिल्लं नकोत," बाई फोनला म्हणाल्या.

तरी रेटून एक ओळ झाली. आणि ओळ संपली तशी जी गोष्ट झाली ती चौतीस वर्षांची होती, तिच्यात बाईंचा काही दोष नाही. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजते, टिंग, आणि डावा हात आपोआप वर येऊन दांडा उजवीकडे ढकलतो, की कागदाची गाडी परत पहिल्या जागी. तो हात बाईंना विचारून जात नसे. आताही गेला. दांडा नव्हता, फोन होता. फोन ओट्यावरून सरकला, उडाला आणि भांडी विसळायच्या बादलीत पडला. पडताना एकदा उजेड दाखवून विझला.

बाईंनी तो काढला, पदरानं पुसला, हलवला. मग व्हरांड्यात ऐकलेलं आठवलं, की भिजलेला फोन तांदळात ठेवतात. तांदळाच्या डब्यात फोन खोल खुपसला, वरून तांदूळ सारखे केले, आणि झाकण लावलं. झाकण त्या दिवशी नेहमीपेक्षाही घट्ट लागलं. गुन्हा आत होता ना.

सून आली. हातपाय धुतले, भात टाकायला डबा घेतला. पोटाशी धरला, गुडघ्यात धरला, फडकं गुंडाळून पिळला. बाई दारात बसून पोथीत बघावं तसं जुन्या वर्तमानपत्रात बघत होत्या.

"आई, उघडून द्या जरा."

"आज भात नको. जड पडतो."

"तुम्हाला?" सून म्हणाली. "काही जड पडतं तुम्हाला?"

शेवटी बाईंना उठावंच लागलं. त्यांनी एका हिसक्यात झाकण काढलं आणि डबा स्वतःच्या अंगाशी धरून म्हणाल्या, "मी काढून देते, किती हवे?" सुनेनं सरळ आत हात घातला. मूठ बाहेर आली तिच्यात तांदूळ होते आणि फोन होता.

सुनेनं फोन कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं. तिनं एकदा बादलीकडं बघितलं, एकदा ओट्यावरच्या ओल्या रेघेकडं, एकदा सासूच्या डाव्या हाताकडं. दुरुस्तीवाल्या माणसाला तेवढं पुरतं.

"हा गेला," ती म्हणाली. "आणि तांदळाचा काही उपयोग नसतो, आई. फोनच्या भोकात पीठ जातं तेवढं. काय करत होता?"

बाईंना खोटं बोलता यायचं नाही असं नाही, पण खोटं टाइप करून बघायची सवय, तोंडी जमत नव्हतं. त्यांनी नोटीस सांगितली. खिडकी सांगितली, बुधवार सांगितला. झेरॉक्सवाल्याचं टेबल मागणंही सांगितलं. मग डबा खाली ठेवला, तो तेवढा आपटलाच, आणि म्हणाल्या, "मला शिकव." दोनच शब्द, पण चार वर्षं तुंबलेले.

 सुनेनं भात टाकला. मग म्हणाली, "उद्या दुकानातून टॅब आणते. एका बाईनं दुरुस्तीला टाकलाय, दीड वर्ष न्यायला आलेली नाही. तो फेकला तरी चालेल."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेनं टॅब ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "लिहा. मी नुसती बघते."

बाई लिहू लागल्या. काचेवर जे झालं ते आदल्या दिवशीसारखंच झालं. पण सून काचेकडं बघत नव्हती, बोटांकडं बघत होती. फुटक्या काचेकडं बघायची तिची जी नजर होती, तीच. डाव्या हाताची झेप येणार हे ओळखून तिनं टॅब वेळेवर उचलला. हात रिकाम्या ओट्यावरून फिरून परत आला.

"आई, तुमचे रोग चार आहेत," ती म्हणाली. "त्यातले तीन, टॅबला औषध दिलं की जातील. पहिलं, तुम्ही दाबून धरता."

"मशीनला धरावं लागतं."

"ह्याला नाही. पण ह्याला थांबायला सांगता येतं." तिनं पडद्यावरच्या चाकाच्या चित्रावर टेकवलं, खाली सरकली, हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं एक चित्र होतं त्याच्यात शिरली. "हे बघा. बोट किती वेळ धरलं म्हणजे दाबून धरलं समजायचं, ते इथं ठरवायचं. लांब करते. आता पिल्लं यायची नाहीत. दुसरं, तुमचं बोट आपटून उडतं आणि परत पडतं, म्हणून दोन अक्षरं. इथं सांगायचं, लागोपाठचं दुसरं टेकणं सोडून दे. तिसरं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही जास्त मारता." तिनं कीबोर्डचा आवाज मोठा केला. "आता मारा."

बाईंनी मारलं. टक. बारीकच आवाज, मशीनच्या नातवाचा असावा तसा, पण आवाज. बाईंनी परत मारलं. टक. तिसरं अक्षर त्यांनी आपसूकच हळू मारलं, कारण ते लागलं हे कानाला कळलं होतं.

"म्हणजे ही काच बदलता येते?" बाईंनी विचारलं.

"काच नाही बदलत. तिचा हळवेपणा कमी-जास्त होतो. काही काचा लाजाळूच्या झाडासारख्या असतात, वाऱ्यानं मिटतात. काहींना जाड कव्हर असलं की ठोसा मारला तरी कळत नाही, त्यांचा हळवेपणा वाढवायचा. तो खटका इथं वेगळा आहे."

बाई त्या खटक्याकडं बघत राहिल्या. चौतीस वर्षांत मशीननं त्यांच्यासाठी काही कमी-जास्त केलेलं नव्हतं. आपल्यालाच घडवून घेतलं होतं त्यानं.

"आणि चौथा रोग?"

"बोटं टेकवून बसता. त्याला टॅबमध्ये औषध नाही. बोटं अधांतरी ठेवावी लागतील."

दोन मिनिटं अधांतरी ठेवली तर मनगटं भरून आली, बोटं दावणीला परत गेली. सुनेनं पट्टी ठेवून बघितली, पुस्तक ठेवून बघितलं. मग बाईच उठल्या आणि पिशवीतून टाइपरायटरवर घालायचं जाड कापडी आवरण काढलं. त्याची घट्ट वळी केली, टॅबच्या अलीकडं ठेवली, तिच्यावर मनगटं टेकली. बोटं काचेच्या वर बोटभर लोंबत राहिली, पागोळीसारखी. टेकायला काही होतं, पण काच नव्हती.

"हे मला सुचलं नसतं," सून म्हणाली.

"तुला मनगटं आहेत कुठं," बाई म्हणाल्या. पण खूश होऊन म्हणाल्या.

पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी सराव. त्यात एका गोष्टीवरून बाईंचं डोकं फिरायचं. सून रोज दुकानातून आली की टॅबची सगळी सेटिंग मोडून पहिल्यासारखी करायची आणि म्हणायची, "आता तुम्ही लावा."

"लावलेलं मोडायचं आणि परत लावायचं. ह्याला काय म्हणतात?"

"सराव म्हणतात."

"आमच्याकडं ह्याला छळ म्हणतात." तिसऱ्या दिवशी वैतागून बाईंनी व्हरांड्यातल्या मशीनवर कागद चढवला आणि सगळी वाट टाइप करून काढली. कागदाशिवाय कुठली गोष्ट खरी आहे असं त्यांना वाटतच नसे. वर विषय लिहिला: टॅबचा हळवेपणा कमी-जास्त करणेबाबत. खाली, "एक, सदर चाकाचे चित्रावर एकदाच टेकणे. दोन, खाली सरकत जाणे, घाई न करणे. तीन, हात पसरून उभा असलेला इसम दिसताच त्याचेवर टेकणे." अशी बारा कलमं, चार प्रतींत. एक प्रत सुनेला दिली.

सुनेनं ती वाचली. "इसम," ती म्हणाली, आणि वाकून चूल पुसायला लागली, बराच वेळ पुसत होती, खांदे हलत होते.

डाव्या हाताचं मात्र काही झालं नाही. त्याला बांधून बघितलं, त्याच्यावर बसून बघितलं. ओळ संपली की जायचाच. सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ.

*

बुधवारी सकाळी साहेबांच्या खोलीत चाचणी झाली. खोलीत मोठं टेबल, टेबलावर साखळीनं बांधलेला टॅब, फायली, शिक्क्याची पेटी आणि डाव्या अंगाला शिपायाला बोलवायची पितळी घंटी, डोक्यावर थाप मारली की वाजणारी. शिपाई दाराबाहेर स्टुलावर.

आधी झेरॉक्सवाला बसला. साहेबांनी मजकूर सांगितला: गल्लीतला दिवा तीन महिन्यांपासून बंद आहे, दोन माणसं गटारात पडली, तक्रार दोनदा केली आहे, तरी कार्यवाही व्हावी. अंगठे असे फिरले, की साहेब सांगायचे थांबले तेव्हा हाही थांबला. चार मिनिटं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"दोन माणसं दिव्यात पडली?"

"फोननं सुचवलं असेल, साहेब."

"तक्रार तुम्ही केली आहे की तुमच्यावर झाली आहे, हेही ह्याच्यात समजत नाही. सहा चुका." साहेबांनी आकडा लिहिला. "पण वेळ चांगला. बसा. बाई, या."

बाई बसल्या. बोटं उचलली, एक अक्षर मारलं. पिल्लं आली. दुसरं मारलं, दोन झाली. तिसरं कोपऱ्यातलं मारलं, ते आलंच नाही. वरती जाड रबरी कव्हर आणि त्याची काचही जाड. आवाज तर मुळीच नव्हता.  घरचा टॅब शहाणा केला होता. हा दुसरा होता, ह्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की सून रोज लावलेलं का मोडत होती.

"घड्याळ सुरू झालंय, बाई," साहेब म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," झेरॉक्सवाला खिडकीशी उभा राहून पुटपुटला. खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"वाकडंच आहे," बाई म्हणाल्या. "आधी ते सरळ करते, मग नाचते." आणि पिशवीतून कागद काढला. तिसरी प्रत.

साहेबांनी मान लांब करून कागदाचा विषय वाचला. त्यांना आक्षेप घ्यायचा होता, पण कागद नियमाप्रमाणे होता, समास बरोबर सोडलेला, कलमांना आकडे. अशा कागदाला साहेब आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते. बाई एकेका कलमावर डाव्या हाताचं बोट ठेवून उजव्यानं टेकवत गेल्या. चाक. खाली, घाई न करणे. इसम दिसला. दाबून धरायची वेळ लांब. दुसरे टेकणे सोडणे. कव्हर जाड असल्यास हळवेपणा वाढवणे, कलम नऊ. आवाज मोठा. मग पिशवीतून कापडाची वळी काढून मनगटाखाली घातली.

"चार मिनिटं गेली," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "सांगा मजकूर."

टक टक टक टक. पहिली ओळ सरळ उतरली. ओळ संपली, आणि डावा हात निघाला. बाईंना तो निघालेला दिसला. थांबवता आला नाही. टॅबला साखळी होती, तो जागचा हलला नाही, म्हणून हात त्याच्यावरून घसरून पुढं गेला आणि सरळ पितळी घंटीच्या डोक्यावर पडला.

टिंग.

दार उघडलं. "बोलावलं, साहेब?" शिपाई म्हणाला.

"नाही. जा."

इकडं बाईंच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. घंटी वाजली होती. ओळ खरोखरची संपली होती. एवढे दिवस काचेवर ओळी नुसत्या दुमडायच्या, संपायच्या नाहीत. दुसरी ओळ दुप्पट वेगानं गेली. टिंग.

"बोलावलं, साहेब?"

"तुला नाही. बाईंची ओळ संपली."

शिपायानं बाईंकडं बघितलं, घंटीकडं बघितलं, आणि जाऊन स्टुलावर बसला. तिसऱ्या टिंगला परत आला. नोकरीचा प्रश्न होता, घंटी वाजली आणि गेला नाही असं व्हायला नको. मग साहेबांनी वैतागून घंटी उचलली आणि पलीकडं, फायलींच्या मागं ठेवली. चौथी ओळ संपली, बाईंचा हात हवेत गेला, काहीच न लागता परत आला, आणि पाचव्या ओळीच्या तोंडालाच बोट घसरलं. पहिली चूक. बाई थांबल्या. नुसतं फायलींकडं बघितलं.

 साहेबांनी घड्याळ बघितलं, बाईंकडं बघितलं, मग हात लांब करून घंटी काढली आणि पहिल्या जागी सरकवली. नीट, बोटभर अलीकडं, हाताला येईल अशी. नोकरीत पंचवीस वर्षं झाली होती त्यांना, पण कुणाची सोय करून देताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. शिपाई दारातून बघत होता, तो ते पुढं महिनाभर सांगत फिरला.

टक टक टक, टिंग. टक टक टक, टिंग. शिपायानं दार उघडंच ठेवलं आणि प्रत्येक टिंगला नुसती मान हलवत राहिला. बाराव्या टिंगला बाईंनी हात मांडीवर घेतले.

"नऊ मिनिटं पन्नास," साहेब म्हणाले आणि वाचायला लागले. ओठ हलवत वाचलं. दोन माणसं गटारातच पडली होती, दिवा गल्लीतच बंद होता, आणि तक्रार करणारा तक्रार करणाराच होता. "एक चूक." त्यांनी आकडा लिहिला. मग त्यांनी तो टाइप केलेला कागद पुढं ओढला. "ह्याची आणखी प्रत आहे का?"

"चौथी घरी आहे," बाई म्हणाल्या. "ती देत नाही मी कुणाला. ही घ्या."

झेरॉक्सवाला खिडकीपासून पुढं आला. "द्या साहेब, मी काढून देतो," म्हणाला. आणि बाईंना, हळूच, "माझ्या आईच्या फोनला पण हे लागेल. ती रोज मला तीनदा फोन करते आणि म्हणते, मी केलाच नाही."

"तिला घेऊन ये," बाई म्हणाल्या. "आणि गटारात पडलेल्याला दिव्यात घालू नकोस परत."

*

एक तारखेला टेबलं उचलली. लोखंडी टेबल चौघांनी उचललं, झेरॉक्सवाला त्यातला एक. त्यानं ते आपल्या यंत्राखाली घेतलं आणि त्याला बाईंची बोलणी खावी लागली नाहीत, हे विशेष. बाई तीन नंबरच्या खिडकीत बसल्या. समोर साखळीचा टॅब, अलीकडं कापडाची वळी, डाव्या हाताला एक घंटी. ही घंटी त्यांनी रीतसर अर्ज करून मागितली होती, विषय: ओळ संपणेबाबत. शिपायाची आणि तिची गफलत होऊ नये म्हणून तिचा आवाज वेगळा निवडला. माणसं अजूनही आधी रडतात, मग शिव्या देतात, मग मुद्दा सांगतात. बाई मुद्दा लिहितात. अर्ज झाला की झेरॉक्सवाल्याकडं पाठवून एक कागदी प्रत अर्जदाराच्या हातात देतातच. नियमात नाही, पण देतात.

त्या संध्याकाळी सून कामावरून आली. बाई दारात बसून पायांचे तळवे चोळत होत्या. सुनेनं हातपाय धुतले, तांदळाचा डबा काढला, सवयीनं आधी फडकं शोधलं, डबा पोटाशी धरला, दात आवळले आणि झाकण पिळलं. झाकण असं सुटलं की ती मागं दोन पावलं गेली आणि मूठभर तांदूळ ओट्यावर सांडले.

तिनं झाकणाकडं बघितलं. मग मिठाचा डबा काढला. तोही उघडला. मग डाळीचा.

"आई," ती आतून म्हणाली, "सेटिंग बदललंय का?"

बाईंनी मान वर केली नाही.

"डबे जुने झालेत," त्या म्हणाल्या. "झाकणं सैल झालीत. आणि सांडलेले तांदूळ नीट गोळा कर. नुसती विचारपूस करू नकोस त्यांची."